अंडाशयाचा कर्करोग पुन्हा उलटला आहे. नवीन औषध ठाण्यातून कसे मिळवावे?

घोडबंदरची सून:
नमस्कार. माझ्या सासूबाई 61 वर्षांच्या आहेत. 2022 मध्ये त्यांच्या अंडाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेलच्या सहा सायकल झाल्या. पुढचे चौदा महिने बरे गेले. आजार परतल्यावर कार्बोप्लॅटिन पुन्हा, या वेळी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनच्या जोडीने दिले. परंतु ते संपून चार महिने होतात न होतात तोच पोट फुगू लागले आणि गेल्या आठवड्यात पावणेतीन लिटर पाणी काढावे लागले. आमचे डॉक्टर आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि सोबत बेव्हॅसिझुमॅब सुचवत आहेत. दिरांनी परदेशातून ‘मिरव्हेटुक्सिमॅब’ हे नाव कळवले, आणि एका मध्यस्थाने अर्धी रक्कम आगाऊ भरल्यास दहा दिवसांत औषध घरपोच आणून देण्याची तयारी दाखवली आहे. हे औषध रीतसर मिळवण्याचा मार्ग कोणता, आणि त्यासाठी आधी काय करावे?

खारघरकर:
ताई, मी डॉक्टर नाही. पत्नीच्या याच आजारात तीन वर्षे फायली सांभाळल्या, तेवढाच माझा अधिकार. औषधाच्या मागे धावण्यापूर्वी शस्त्रक्रियेच्या वेळचा ब्लॉक हाती घ्या. गाठीचा तुकडा मेणात बसवून प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत जपून ठेवलेला असतो. दिसायला कापराच्या वडीएवढा, पण पुढचे सगळे त्यावर ठरते. आपण विचारलेले औषध पेशींवरील फोलेट रिसेप्टर अल्फा नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि केमोचा विषारी अंश थेट पेशीत सोडते. अमेरिकेत त्याची मान्यता ज्या निकषावर आहे, त्यानुसार किमान 75 टक्के पेशींवर हे प्रथिन ठळकपणे दिसावे लागते, आणि तसे साधारण तिघींपैकी एकीच्याच बाबतीत आढळते. तपासणीत ते नसेल, तर मध्यस्थाला दिलेले पैसे पाण्यातच गेले असे समजा. त्याच ब्लॉकवर हर-टू या दुसऱ्या प्रथिनाची तपासणीही करून घ्या, कारण ती ठळक पॉझिटिव्ह आली तर ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन या औषधाचा विचार होऊ शकतो. बीआरसीए या जनुकांतील आनुवंशिक दोषाची रक्ततपासणी आजवर झाली नसेल तर तीही करावी. ती आपल्या यजमानांसाठी आणि नणंदेसाठीही तितकीच महत्त्वाची आहे.

दुसरी गोष्ट घाईची आहे. कार्बोप्लॅटिनसारख्या प्लॅटिनम औषधानंतर सहा महिन्यांच्या आत आजार परतला, की त्याला प्लॅटिनम-रेझिस्टंट म्हणतात, आणि या गटासाठीच्या अनेक क्लिनिकल चाचण्यांत, म्हणजे रुग्णांवर नवीन औषध तपासणाऱ्या अभ्यासांत, आधी किती प्रकारचे उपचार झाले यावर मर्यादा असते. मिरव्हेटुक्सिमॅबच्या मोठ्या चाचणीत एक ते तीन उपचार झालेल्या रुग्णांनाच घेतले होते. सासूबाईंचे दोन झाले आहेत. म्हणून नवीन केमो सुरू होण्यापूर्वीच खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात किंवा परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात दुसरे मत घ्यावे, आणि क्लिनिकल चाचण्यांच्या भारतीय नोंदणीच्या संकेतस्थळावर ‘ओव्हेरियन’ शब्द टाकून कोणत्या चाचणीत सध्या नवीन रुग्णांना घेतले जात आहे ते पाहावे. 2009 पासून प्रत्येक चाचणीची तेथे नोंद बंधनकारक आहे. ठाण्याहून पनवेल गाडीने खारघर एका बैठकीत गाठता येते, पण पोटात पाणी असलेल्या माणसाला गाडीत बसवू नका. पहिल्या दिवशी फाईल घेऊन आपणच जा.

वाशीचा निवृत्त औषधविक्रेता:
मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये, ही माझी हात जोडून विनंती. भारतात विक्रीला नसलेले औषध स्वतःच्या उपचारासाठी थोड्या प्रमाणात आणण्याची रीतसर सोय आहे: केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे 12-अ क्रमांकाच्या फॉर्मवर अर्ज करायचा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची, आणि रुग्णाच्या नावाने 12-ब हा परवाना मिळतो. ज्याच्याकडे हा कागद नाही आणि पक्की पावती नाही, त्याच्या बाटलीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते. शिवाय हे औषध 2 ते 8 अंश तापमानातच ठेवावे लागते. मी दुकानात असताना एकाने थर्मासमध्ये वितळलेल्या बर्फात तरंगणारी महागडी इंजेक्शने आणून दाखवली होती. लेबल ओले होऊन निघाले होते, आणि तरीही ‘टोचता येईल का’ हा त्यांचा प्रश्न होता.

आपल्या डॉक्टरांनी सुचवलेला उपचार जुना म्हणून कमी लेखू नका. प्लॅटिनम-रेझिस्टंट आजारात केमोला बेव्हॅसिझुमॅबची जोड दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांचा याहून जास्त, निम्म्यांचा कमी) 3.4 महिन्यांवरून 6.7 महिन्यांवर गेला होता, आणि पोटातल्या पाण्यावर त्याचा चांगला उपयोग होतो. त्याचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती औषधे, येथे बनतात, त्यामुळे खर्चही बराच उतरतो. मात्र आतड्याला आजार चिकटला असेल तर आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. सीटी स्कॅन दाखवून हा प्रश्न स्पष्ट विचारावा.

ऐरोलीहून:
आकडेही पाहून ठेवा. मिरव्हेटुक्सिमॅबच्या त्या 453 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत नवीन औषधावरील रुग्णांचे मध्यक आयुर्मान सुमारे साडेसोळा महिने होते, नेहमीच्या केमोवरील रुग्णांचे पावणेतेरा. फरक खरा आहे, पण त्यासाठी घर विकायचे का, हे सासूबाईंना विचारल्याशिवाय ठरवू नये. माझ्या आईला आम्ही विचारलेच नव्हते. आणखी एक: या औषधाने डोळ्यांना त्रास होतो, दृष्टी धूसर होते, आधी डोळे तपासून घ्यावे लागतात आणि स्टेरॉइडचे थेंब घालावे लागतात.

घोडबंदरची सून:
सर्वांची आभारी आहे. मध्यस्थाला नकार कळवला. ब्लॉकसाठी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी खिडकीवर डॉक्टरांचे पत्र आणि परत करण्याची हमी मागितली आहे; गुरुवारी तो मिळेल. खारघरची वेळ सोमवारची आहे. सासूबाईंना विचारले, तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारले, की दर आठवड्याच्या औषधात गौरींच्या तीन दिवसांसाठी एक खंड घेता येतो का.

खारघरकर:
घेता येतो, माझ्या पत्नीच्या वेळी डॉक्टरांनी एक मात्रा पुढे ढकलली होती. मात्र ही तारीख पहिल्याच भेटीत कागदावर लिहून द्या, कारण बेव्हॅसिझुमॅबचे दिवसही त्याप्रमाणे जुळवावे लागतात.