मॉरिशस: क्रेओल आणि आपले लोक, एकाच बेटावर एवढा फरक कशाने?

वाशिष्ठीकाठचा:

नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा. गेले सात महिने मॉरिशसला एका हॉटेलात अकाउंट्सला आहे. वाकोआला एका मराठी कुटुंबाकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. मराठी म्हणजे इथले, पाच-सहा पिढ्यांपूर्वी आलेले. घरात सगळे क्रेओल भाषाच बोलतात, पण गणपती दणक्यात बसतो आणि आजींना आरत्या तोंडपाठ आहेत.

घरमालक काका माणूस चांगला. फक्त एक वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकवतातच: "आमचे लोकही उपाशी आले, तेही उपाशीच आले. आमच्याकडे बघ आणि त्यांच्याकडे बघ." 'ते' म्हणजे क्रेओल, आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे वंशज.

आता हॉटेलात मीही बघतोच. लाँड्री, भांडी, बोटी इथे क्रेओल. अकाउंट्सला मी, दोन हिंदू पोरी आणि एक चिनी. मालक गोरा. काकांचं म्हणणं डोळ्यांना तरी खरं दिसतं. पण ऐकताना काहीतरी खटकतं आणि उलट काय बोलावं ते सुचत नाही. इथे कुणी मॉरिशसला राहिलेलं आहे का? आकडेवारी असेल तर उत्तमच.

तीन_हात_नाका:

यात विचारण्यासारखं काय आहे? संस्कार. आपला माणूस पोटाला चिमटा काढून पोरांना शिकवतो. त्या लोकांचा शुक्रवारी पगार, सोमवारी खिसा रिकामा. गाणं-बजावणं आणि रम. जगात कुठेही जा, हेच दिसेल. उगाच इतिहास उकरू नका.

कास्काव्हेलची_सून:

नाका, संस्कार जरा बाजूला ठेवा. माझ्याकडे दोन कागद आहेत, त्यांची गोष्ट सांगते.

मी दापोलीची, दिली इथे कास्काव्हेलला. तेवीस वर्षं झाली. एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते, त्यामुळे कुणाच्या खिशात किती आहे ते रोजच बघते. हप्ते थकवण्यात आपले लोक कुणाला हार जात नाहीत, एवढं आधीच सांगून ठेवते.

पहिला कागद. इथे मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांच्या, जुन्या नोंदवह्या तिथे आहेत. नवऱ्याने अर्ज केला, खेपा घातल्या आणि शेवटी उतारा मिळाला. आजेसासऱ्यांच्या आजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, वय, उंची, जात मराठा, जिल्हा रत्नागिरी, जहाजाचं नाव आणि एक नंबर. अंगावरची खूण: उजव्या भुवईवर व्रण. दीडशे वर्षांनी घरात कळलं की मूळपुरुषाच्या भुवईवर व्रण होता! सासूबाईंनी तो उतारा देव्हाऱ्यात ठेवला आणि वर हळदकुंकू वाहिलं. झेरॉक्स काढून मग ठेवा म्हटलं तर ऐकेनात.

शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसते, ती क्रेओल. आमचा उतारा बघून तिलाही हुरूप आला. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदींवरून मागे मागे जात ती गुलामांच्या यादीपर्यंत पोचली. तिथे एक बाई सापडली. एकेरी नाव, अंदाजे वय आणि पुढे 'मोझांबिक'. बापाचं नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. मोझांबिक हे काही त्या बाईचं गाव नव्हे. त्या किनाऱ्यावरून जो कुणी जहाजात कोंबला गेला त्याच्या नावापुढे हाच शिक्का. मैत्रिणीने कागदाची चौघडी करून पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, चल, चहा घेऊ.

काका म्हणतात दोघेही उपाशी आले. आले ना. पण आमचा आला तो करारावर, आणि ती बाई आली ती कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत.

गिरमिट म्हणजे सुख होतं असं कुणी समजू नका. महिन्याला पाच रुपये. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. खिशात पास नसला तर पोलीस धरणार. पण करार कधीतरी संपायचा, आणि तो संपल्याचाही कागद असायचा.

गुलामी संपली १ फेब्रुवारी १८३५ला. इंग्रज सरकारने भरपाई दिली, वीस लाख पौंडांच्या वर. कुणाला? मालकांना. ज्यांची सुटका झाली त्यांना दमडी नाही, उलट 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकाकडे १८३९पर्यंत आणखी राबायचं. काय शिकायचं राहिलं होतं देव जाणे. ती मुदत संपल्यावर बहुतेक लोक मळे सोडून निघून गेले. मळेवाले ओरडायला लागले, हे आळशी आहेत. नाका, तुमचं वाक्य तेव्हापासून चालत आलंय.

मग मजूर आणायचे कुठून? हिंदुस्थानातून. १८३४च्या नोव्हेंबरात सुरुवात झालीच होती. १८४३ या एका वर्षात तीस हजारांहून जास्त माणसं उतरली. एकूण साडेचार लाखांच्या आसपास. म्हणजे ज्यांनी जन्मात पहिल्यांदा मजुरीचा भाव करायला तोंड उघडलं, त्यांचा भाव पाडायला आपले पणजोबा आणले गेले. पणजोबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला कळायला मात्र हरकत नाही.

आता दुसरा कागद, तो जमिनीचा. युरोपात बीटची साखर आली, उसाच्या साखरेचा भाव कोसळला, आणि १८७०-८०च्या सुमाराला मळेवाल्यांनी कडेकडेच्या नापीक जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. याला इथे मोर्सेलमाँ म्हणतात. आमच्याकडे दोन आर्पां आले. आर्पां म्हणजे एकराहून किंचित मोठा. थोडे पैसे रोख, बाकीचे हप्त्याने. आता सांगा, महिन्याला पाच रुपये मिळवणाऱ्या माणसाला हप्त्यावर जमीन दिली कशी? तर त्याचा मेव्हणा मळ्यावर सिरदार होता, म्हणजे मुकादम. साहेबाशी त्याची ऊठबस, तो जामीन राहिला. याला तुम्ही संस्कार म्हणा, मी मेव्हणा म्हणते.

१९२०च्या सुमाराला बेटावरच्या उसातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त ऊस भारतीयांच्या हातात होता. दोन आर्पांवर एक पोरगा शिकला, त्याचा पोरगा मास्तर झाला, माझा नवरा सरकारी नोकरीत लागला. सुटलेल्या गुलामांनीही १८४०च्या दशकात साठवलेल्या पैशांतून बारक्या जमिनी घेतल्या होत्या बरं का. त्यातल्या कितीतरी पुढे हातातून गेल्या. इथल्या सत्य आणि न्याय आयोगाने २०११ला अहवाल दिला, त्यात जमिनी बळकावल्याच्या तक्रारींनीच पानंच्या पानं भरलीत.

आणि एक गंमत. फ्रेंचांच्या काळात बंगाल आणि पाँडिचेरीकडूनही माणसं गुलाम म्हणून इथे आणली होती. त्यांचे वंशज आज क्रेओलांतच मिसळून गेलेत. तेव्हा तुमच्या हॉटेलात बोट चालवणाऱ्याची कुठलीतरी खापरपणजी आपल्याच बाजूची असू शकते. मग त्याचे संस्कार कुठले धरायचे?

रकाना_क्र_४:

आकडे मागितलेत म्हणून सांगतो. या दोन जमातींच्या उत्पन्नाची सरळ तुलना करणारा सरकारी आकडा मिळणं अवघड, कारण १९७२नंतर तिथल्या जनगणनेत जमात विचारतच नाहीत. धर्म आणि भाषा विचारतात. राज्यघटनेत चार गट आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि या तिघांत न बसणारे सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. या चौथ्या रकान्यात क्रेओलही येतात आणि फ्रेंच वंशाचे गोरेही. म्हणजे साखर कारखान्याचा मालक आणि त्याच्या किनाऱ्यावरचा कोळी एकाच रकान्यात. त्यांची सरासरी काढून करणार काय?

कास्काव्हेल ताई, तुमचं लिहिणं पटलं, पण अर्धंच. १९६८ला स्वातंत्र्य मिळालं, १९७७पासून माध्यमिक शिक्षण फुकट. तिथून दोन पिढ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वीचे दोन आर्पां अजून किती दिवस पुरवणार?

तीन_हात_नाका:

बरोबर. आणि चिन्यांना कुणी जमिनी दिल्या होत्या? ते कसे वर आले?

कास्काव्हेलची_सून:

नाका, चिनी बहुतेक करून आले तेच दुकान थाटायला, आधी आलेल्या भाऊबंदांच्या उधारीवर. ती वाट वेगळी आहे.

रकाना, तुमचा प्रश्न चांगला आहे. मी स्वयंपाक करता करता त्याचाच विचार करत होते.

मैत्रिणीच्या घरचंच सांगते. तिचे वडील पोर्ट लुईच्या धक्क्यावर हमाल. साखरेची पोती पाठीवरून जहाजात चढवायची. त्या कामावर क्रेओल बरेच. पगार बरा, युनियन तगडी. १९८०ला सुटी साखर थेट जहाजात ओतणारं टर्मिनल सुरू झालं आणि पाठीवरची पोती गेली. पंचेचाळिसाव्या वर्षी तो माणूस घरी बसला. जमीन नाही, दुसरं कसब नाही. घर म्हणाल तर १९६०च्या कॅरोल वादळानंतर सरकारने बांधलेल्या 'सिते'मधलं, दोन खोल्यांचं. रम प्यायला लागला, हे खरं आहे. नोकरी आधी गेली आणि रम मागाहून आली, हेही खरं आहे.

दुसरं, क्रेओलांमधले शिकलेले, कारकून-मास्तर लोक १९६८च्या आगेमागे मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला निघून गेले. हिंदूंचं राज्य येणार म्हणून घाबरले होते. ६७च्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली होती. कल्पना करा, आपल्यातले सगळे मास्तर १९६८ला निघून गेले असते तर आज इथे कुणाकडे बघून काका बोलले असते?

तिसरं म्हणजे नोकऱ्या. इथे एक शब्द आहे, 'नू बान'. म्हणजे आपली माणसं. सरकारी नोकरीत नू बान किती चालतं ते आपण बोलायचं नाही, कारण फायदा आपलाच. १९६८पासून पंतप्रधान बघा: २००३ ते ०५ बेरांझे सोडले तर सगळे हिंदू. बेरांझेही क्रेओल नव्हेत, गोरे. मैत्रिणीच्या मुलाने एका खात्यात तीनदा अर्ज केला. तिसऱ्या वेळी माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा पोरगा लागला, त्याचे मार्क कमी होते. आम्ही पेढे खाल्ले. ती दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली तेव्हा मी फायलीत डोकं खुपसून बसले होते.

शाळेचंही तेच. फुकट आहे, पण शिकवणं इंग्रजी-फ्रेंचमध्ये. माझ्या मुलांना प्राथमिक शाळेत मराठी विषय घेता आला. क्रेओल भाषा बेटावर सगळेच बोलतात, पण ती शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली २०१२ला!

हे सगळं साचत गेलं. १९९३ला रॉजे सेर्व्हो नावाच्या पाद्र्याने त्याला 'मालेझ क्रेओल', म्हणजे क्रेओलांची अस्वस्थता, असं नाव दिलं. फेब्रुवारी १९९९मध्ये रोश ब्वा या पोर्ट लुईच्या क्रेओल वस्तीतला गायक काया पोलीस कोठडीत मेला आणि बेट पेटलं. नवरा सांगतो, त्या रात्री सासरे आणि गावातली चार माणसं ऊसतोडीचे कोयते घेऊन नाक्यावर बसली होती. पहाटेपर्यंत कुणी आलं नाही. मग कोयते तसेच खांद्यावर टाकून शेतावर गेली.

बचतीची सवय आपल्यात आहे, नाही म्हणत नाही. पण माझ्या टेबलावर काय होतं ते सांगते. कर्जाच्या अर्जात एक ओळ आहे, तारण. आपला माणूस तिथे बापाची जमीन लिहितो. रोश ब्वाहून आलेला तिथे आडवी रेघ मारतो. पगार दोघांचा सारखाच. मग मी व्याजाचा दर लिहिते, आणि तो दोघांचा सारखा नसतो.

वाशिष्ठीकाठचा:

काकू, मनापासून आभार. काल रात्री जेवताना तुमचं लिहिलेलं काकांना वाचून दाखवलं, क्रेओलमध्ये जमेल तसं सांगत. ते काहीच बोलले नाहीत. जेवण झाल्यावर आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आले. फ्रेंचमधला, जमिनीचाच. दीड आर्पां. विकणाऱ्याची सही झोकदार, घेणाऱ्याच्या जागी नुसती फुली. साक्षीदार म्हणून एक नाव होतं, पुढे 'सिरदार'. काकांनी त्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं.

मग कागद पिशवीत घालता घालता म्हणाले, "ही कास्काव्हेलची म्हणतोस ना? कुणाची सून?"