मधला ब्रॅकेट आधी लावा

आठ फुटी खिडकीवरचा पडद्याचा पाइप मधे वाकतोय, त्यावर जाड पाइप घ्या, असं काहींनी सुचवलंय. पण तो वाकतोय मध्ये आधार नसल्यामुळे. पडद्याचं वजन लांबीभर पसरलेलं असतं, त्यामुळे बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे लांबी दुप्पट तर बाक सोळापट. मधोमध ब्रॅकेट दिलात की लांबी निम्मी आणि बाक सोळाव्या हिश्श्याहूनही कमी. पडदे मधून उघडणारे असतील तर कड्याही तिथे अडत नाहीत.

आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या घरासाठी मी अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून 25 × 5 मिमीच्या लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट वाकवून घेतले. पुढचं टोक वरून उघडं ठेवलं, पाइप नुसता उचलला की निघतो. आई सत्तरीची आहे. पडदे धुवायला काढताना तिला स्टुलावर उभं राहून स्क्रू सोडवावे लागू नयेत, हा माझा हट्टच होता.

स्क्रूचं मात्र नीट बघा. आमचे पहिले स्क्रू नुसते प्लॅस्टरमध्ये होते, आठवड्यात खपलीसकट पाइप खाली आला. प्लॅस्टरच 12-15 मिमी असतं, म्हणून 50 मिमीचा स्क्रू आणि गिट्टी (स्क्रू पकडणारा प्लॅस्टिकचा प्लग) विटेत जायला हवी. ड्रिल करताना आधी करडी पूड पडते, विटेत शिरलं की लाल. लाल दिसेपर्यंत ड्रिल थांबवू नका.