फोनवरचा थ्रीडी स्कॅन: दात जागेवर, ओठ मात्र हलले

ऑर्थोवाली_नागपूर:
एमडीएस ऑर्थो (वाकडे दात सरळ करण्याचं पदव्युत्तर शिक्षण), दुसरं वर्ष. थीसिस असा: प्रीमोलर (सुळ्यामागचे दात) काढून पुढचे दात मागे घेतल्यावर ओठ किती मागे जातात. स्टीरिओफोटोग्रामेट्रीचा (अनेक कॅमेऱ्यांनी एकदम फोटो घेऊन थ्रीडी चेहरा बनवायचा) सेट परवडणारा नाही, म्हणून आयफोनच्या ट्रूडेप्थ कॅमेऱ्याने चेहरा स्कॅन करतेय. परवा एकाच मुलीचे पाच मिनिटांच्या अंतराने दोन स्कॅन घेतले, तर खालच्या ओठात १.८ मिमीचा फरक! अजून ब्रेसेसही लावलेल्या नाहीत. गाईड म्हणतात, "सेफॅलोग्राम आहेत ना, त्यावरच मोज." (म्हणजे डोक्याचे बाजूने काढलेले एक्स-रे.) काय चुकतंय?

जुना_तारवाला:
फोनला नंतर शिव्या दे, आधी सांग, मुलीला काय सांगितलंस? "रिलॅक्स" म्हटलं की पोरं हमखास ओठ घट्ट मिटतात. मी आधी थुंकी गिळायला लावायचो, मग "मामा म्हण आणि ओठ तसेच सोड". नजर समोरच्या आरशात, स्वतःच्या डोळ्यांत.

दुसरं, स्टीरिओचे सगळे कॅमेरे एका झटक्यात, सेकंदाच्या हजारांश भागांत फोटो घेतात. फोन फिरवायला काही सेकंद जातात, तेवढ्यात पोरगी हसते.

आणि दोन स्कॅन एकमेकांवर बसवलेस कसे? पूर्ण चेहरा बेस्ट-फिट केला असशील (सगळीकडचा फरक मिळून कमीत कमी राहील असा सॉफ्टवेअरने बसवला असशील) तर ओठातला फरक गालावर-हनुवटीवर वाटला जातो. फक्त कपाळ आणि नाकाचं मूळ धरून बसव.

दाढीचंही बघ. माझा एक पेशंट सुरुवातीला तुळतुळीत होता, दीड वर्षाने भरघोस दाढी घेऊन हजर. स्कॅनमध्ये हनुवटीच्या जागी नुसता चिखल. शेवटी खालच्या सलूनमध्ये पाठवला, पैसे मी दिले.

गोनिअन (कानाखालचा जबड्याचा कोपरा) बोटाने चाचपून आयलायनरने ठिपका दे. टिकली नको, घामाने सरकते.

गाईडचंही अर्धं खरं आहे. दात किती सरकले ते सेफॅलोवरच कळणार. पण त्यात फक्त बाजूचा चेहरा. ओठांचे कोपरे दिसत नाहीत.

मीठ_मिरची:
फाइल ओबीजेमध्ये ठेव. एसटीएलमध्ये रंग जातो, म्हणजे ठिपकेही गेले. आणि संमतीपत्रात थ्रीडी चेहऱ्याचा वेगळा उल्लेख कर. डोळ्यांवर काळी पट्टी मारली तरी पोरगी ओळखू येतेच.

ऑर्थोवाली_नागपूर:
बेस्ट-फिटच केलं होतं :( आज तीच मुलगी, "मामा", कपाळ धरून: ०.६ मिमी.

जुना_तारवाला:
एका मुलीवर नाचू नकोस. दहा जणांचे दोन-दोन स्कॅन घे, डालबर्ग (दोन मापांतल्या फरकांवरून एरर काढायचं सूत्र) काढ, मग गाईडकडे जा. एकाच स्कॅनवर दोनदा ठिपके मोजून एरर दाखवू नकोस, ती तुझ्या हाताची एरर झाली, ओठाची नाही.