करूळ घाट पाठ आहे, पहिल्यांदाच हिलक्लाइंबला उतरतोय, काय काय सांभाळू?

एमएच०९_घाटवेडा:
मंडळी, मी राजारामपुरीतला. गाडी दहा वर्षांची पेट्रोल स्विफ्ट. पुढच्या महिन्यात एका हिलक्लाइंबमध्ये, म्हणजे घाट चढायच्या टाइमवरच्या शर्यतीत, स्टॉक क्लासला (कंपनीतनं आली तशाच गाड्यांचा गट) नाव दिलंय. चढ तीनेक किलोमीटरचा, रस्ता बंद, एकावेळी एकच गाडी. हेल्मेट बाईकचंच आहे, पण नवंकोरं, आयएसआय मार्कचं. रोल केजचं (टप दबू नये म्हणून आत बसवतात तो पाइपांचा सांगाडा) बजेट नाही आणि आमच्या क्लासला सक्तीही नाही, म्हणून नुसता चार पट्ट्यांचा हार्नेस घालीन म्हणतोय. घाटाची काळजी नाही. मामाचं गाव वैभववाडी, करूळ दोनशे वेळा तरी चढलोय, कुठलं वळण कुठं ते झोपेत सांगीन. प्रश्न एवढाच, टायरात हवा किती आणि ब्रेक पॅड रेसिंगचे घालू का? आई चार दिवस झाले नीट बोलंना, तिला काय सांगायचं तेही सुचवा.

पंचगंगाकाठ:
नाद खुळा भावा! व्हिडिओ टाक नक्की.

उद्यमनगरचा_मिस्त्री:
घाटवेड्या, करूळ दोनशे वेळा चढलास, त्यातलं उजव्या कडेनं किती वेळा? एकदाही नाही, कारण समोरनं एसटी येते. म्हणजे तुला अर्धाच घाट पाठ आहे. रस्ता बंद झाला की पोरं अख्खी रुंदी वापरायला जातात, आणि उजवी कड आयुष्यात पहिल्यांदा बघतात ती ऐंशी-नव्वदच्या स्पीडला. साइडपट्टी कुठं खचलीय, मोरीचा कठडा किती पुढं आलाय, डोंगरातनं पाझरून शेवाळ कुठं धरलंय, हे तिथं कळून काय उपयोग? आयोजक रस्ता बघायला वेळ देतील तेव्हा गाडीतनं बघू नको, पायी चाल. आणि वळणाच्या आतल्या कडेला सकाळी खडी नव्हती म्हणून दुपारी नसेल असं धरू नको. तुझ्या आधीच्या दहा जणांनी आतली चाकं मातीत घालून ती रस्त्यावर आणलेली असते.

दुसरं, सर्किटवर टायर तापवायला एखादी फेरी तरी मिळते. इथं रांगेत अर्धा तास उभं राहायचं आणि थेट फुल रेस. मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा दुसऱ्याच वळणाला गाडी आडवी झाली, तोंड गटाराकडं. टायर चांगले होते, पण गार होते. पहिली दोन वळणं म्हातारीला देवदर्शनाला नेतोयस तशी घे. रेसिंगच्या पॅडचंही तेच, ते तापल्याशिवाय धरत नाहीत आणि तीन किलोमीटरच्या चढाला तापणार कधी? चांगले साधे पॅड घाल. पैसे घालायचेच तर ब्रेक ऑइलवर घाल. डॉट ४ नवं असताना २३० डिग्रीला उकळतं, ओल धरलेलं १५५ लाच. तुझं कधी बदललंय आठवतंय का? हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, गार टायरात मोजून. कमी करायच्या फंदात पडू नको.

बाईकचं हेल्मेट छाननीतच परत पाठवतील. आयएसआय वाईट असं नव्हे, पण गाडीच्या हेल्मेटचं अस्तर आग सोसणारं लागतं. आत स्नेल एसए किंवा एफआयए ८८५९ या रेसिंग हेल्मेटच्या दर्जाचा स्टिकर बघून घे, आणि कुठल्या सालापासूनचं चालतं ते नियमपत्रकात बघ. रेसिंग सूटच्या आत सुती बनियन घाल, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

केज नसताना हार्नेस नको, हे माझं मत, इथं वाद घालणारे निघतील. गाडी उलटली आणि टप दबला तर कंपनीच्या पट्ट्यात अंग कलायला तरी जागा असते, हार्नेसमध्ये तू खांबासारखा ताठ. कंपनीचाच पट्टा कमरेच्या हाडावर बसव, पोटावर नको, आणि सीट जरा पुढं घे. पाठ टेकून मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर आलं पाहिजे. तू बहुतेक लोळून चालवत असशील.

गाडी रिकामी कर. जॅक, स्टेपनी, मॅट, पाण्याची बाटली, सगळं बाहेर. एकदा माझ्याकडं आलेल्या गाडीत ब्रेक पेडलखाली अर्ध्या लिटरची बाटली चेपून बसली होती, झाकणावर बुटाचा ठसा होता. डॅशबोर्डवर जोतिबाची मूर्ती असेल तर तीही काढ, फोटो खिशात ठेव, देव रागवत नाही.

लाल_झेंडा:
मी अशा स्पर्धांत वळणावर झेंडा घेऊन मार्शल म्हणून उभी असते, माझ्या बाजूचं सांगते. दादा, “एकावेळी एकच गाडी” हे ब्रीफिंगमध्ये उभं राहून विचारा. चढ लांब असला की पहिली गाडी वर पोचायच्या आत दुसरी सोडतात. एक मुलगा माझ्या वळणावर फिरला, गाडी आडवी, आणि हा बाहेर येऊन मोबाइलच्या उजेडात बंपर बघत बसला! मी शिट्टी फुंकतेय आणि खालनं पुढच्या गाडीचा आवाज येतोय. झेंडा दाखवला म्हणून निभावलं. गाडी बंद पडली तर आग नसल्यास पट्टा लावून आतच थांबा, मार्शल येईल. आगीचा वास आला तर मात्र बाहेर पडून कठड्यापलीकडं जा. लाल झेंडा दिसला की टाइम गेला तरी जागेवर थांबायचं. चूक तुमची नसेल तर बहुतेक ठिकाणी पुन्हा संधी मिळते.

आणि खाली येताना! सगळे मिळून ओळीनं उतरतात, रेस संपल्यासारखे. काच खाली, हेल्मेट मांडीवर. ब्रेक तापलेले असतात ते तेव्हाच. हेल्मेट-पट्टा लावून, दुसऱ्या गिअरमध्ये, अंतर ठेवून या.

उद्यमनगरचा_मिस्त्री:
ताई बरोबर बोलल्या. वर पोचल्यावर लगेच हँडब्रेकही ओढू नको. गिअरमध्ये टाक, चाकाला दगड लाव.

शाहूपुरीकर:
सरावाचं कुणीच बोललं नाही. पहाटे पन्हाळ्याला जाऊन टाइम लावायचा विचार असेल तर सोड. सरकारच्या परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर रेस म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि स्पर्धेतलं नुकसान गाडीच्या नेहमीच्या विम्यात बसत नाही, पॉलिसी काढून वाच. आयोजकांचा विमा कुणाकुणाला लागू आहे ते लेखी घे.

एमएच०९_घाटवेडा:
काका, ताई, सगळ्यांचे आभार. काका, लोळून चालवतो हे कसं ओळखलंत?

रविवारी मामाकडं गेलो होतो. येताना करूळमध्ये माझ्या आवडत्या वळणाच्या अलीकडं गाडी लावली आणि उजव्या कडेनं चालत गेलो. दोनशे वेळा गेलोय तिथनं, पण मोरीचा कठडा फुटून गज बाहेर आलेत हे परवा पहिल्यांदा बघितलं. शेजारी हातभर रुंद हिरवं शेवाळ. बुटानं घासलं तर पाय सरकला.

हेल्मेट बदलतोय, हार्नेस रद्द. ब्रेक ऑइल काढलं तर चहासारखं निघालं. आईला हे सगळं वाचून दाखवलं. जाऊ नको म्हणायचं तिनं काही सोडलेलं नाही, पण आता बोलतीय. त्या मार्शल ताई त्या दिवशी असतील का, तेवढं विचारून घे म्हणाली.