कौन्सेलिंग सेशनचे १२०० रुपये १९ हजारांत कसे बसवायचे?

हिंगणा_शिफ्टवाला

नमस्कार. वय २७, नागपूरला हिंगणा एमआयडीसीत क्वालिटी चेकिंगला आहे. बाबा गेल्यापासून रात्रपाळीच्या आधी छातीत धडधडते, हात गार पडतात. लोकमान्य नगरला मेट्रोतून उतरलो की पाय पुढे पडत नाही. ईसीजी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. फॅमिली डॉक्टरच म्हणाले, कौन्सेलरकडे जा. रामदासपेठेत एका मॅडमकडे जाऊन आलो. खरं सांगतो, बरं वाटलं. पण फी १२०० अन् दर आठवड्याला बोलावतात, म्हणजे महिन्याचे ४८००. ग्रॉस पगार १९ हजार, खोलीभाडं ५ हजार, आईला गावी पाठवतो ते वेगळं. आई म्हणते, "नुसतं बोलायचे इतके पैसे? मामाशी बोल न." हसू नका, मामा खरंच तयार आहे.

फी कमी करा म्हणता येते का, का ते भाजीबाजारात घासाघीस केल्यासारखं दिसेल? सरकारीत कोणी गेलं आहे का? विम्यातून काही निघते का?

गोकुळपेठी

मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा भाऊ, मानसोपचार विभाग आहे तिथे. केसपेपरचे किरकोळ पैसे. फक्त रात्रपाळी करून थेट जाऊ नको, रांगेतच झोपशील. डॉक्टर चांगले भेटले आम्हाला, पण मागे एवढे पेशंट उभे असले तर ते बोलतील किती? माझ्या भावाचं गोळ्यांवर भागलं. तुला मात्र बोलायला जागा पायजे असं दिसून राहिलं.

मेसवाली काकू, मानेवाडा

बाळा, मी मेस चालवते, म्हणून मला आधी हिशोबच सुचतो. माझ्या मुलीला ओसीडी होतं, म्हणजे एकच गोष्ट पुन्हापुन्हा करत राहण्याचा आजार, हात धुऊन धुऊन सोलून निघायचे. त्यामुळे हे सगळे रस्ते माझ्या पायाखालचे आहेत.

४८०० हा आकडा कायमचा धरू नको. मॅडमना सरळ विचार, अंदाजे किती सेशन लागतील? असल्या घाबरण्यावर सीबीटी म्हणून पद्धत वापरतात, विचार अन् सवयी बदलायला शिकवायची, ती बहुतेक ६ ते २० सेशनमध्ये आटोपते. सगळे आठवड्यालाच असतात असंही नाही. सुरुवातीला जवळजवळ, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. खर्च आधी फुगतो अन् मग उतरतो. किती महिने काढायचे ते कळलं की माणूस भिशी मोडायची की नाही ते ठरवू शकतो.

दुसरं, वही कर. धडधड कधी झाली, त्याआधी डोक्यात काय होतं, किती वेळ टिकली, ते लिहून ने. आठवड्याचा पाढा वाचण्यातच पहिली पंधरा मिनिटं गेली तर तुझ्या फीचे ३०० रुपये तिथेच गेले. आमच्या मुलीच्या डॉक्टर घरी करायचा अभ्यास द्यायच्या. तो केला त्या आठवड्यांत काम खरंच पुढे सरकायचं, नाही केला तेव्हा गाडी तिथंच.

फीचं विचार, बिनधास्त विचार. बरेच जण थोड्या जागा कमी फीच्या ठेवतात, पण ते बोर्डावर लिहीत नाहीत. नाहीच जमलं तर त्यांच्या देखरेखीखाली शिकणारं कोणी आहे का ते विचार, त्यांची फी कमी असते.

सरकारीत मेडिकलशिवाय मानकापूरकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकून आई घाबरेल, नागपुरात आपण त्याला पागलखानाच म्हणत आलो, संस्थाही १८६४ ची. पण ओपीडीत जाऊन बस एकदा. कॉलेजातली पोरं, नोकरीवाले, सुना, सगळे दिसतील. ते आरोग्य विभागाकडे आहे, अन् त्या विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. मेडिकल अन् मेयो हे दुसरं सरकारी कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, म्हणून तिथे पैसे लागतात. मिहानमध्ये एम्सही आहे.

अन् पगाराची पावती काढून पाहा. ग्रॉस २१ हजारांच्या आत असला की ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा लागू होते. १९ हजारांवर पाऊण टक्का म्हणजे १४३ रुपये कटत असतील. पैसे देऊन राहिला तर वापर न! आधी तुझ्या नावाला लावून दिलेल्या ईएसआयसीच्या दवाखान्यात जा, तिथून सोमवारीपेठेच्या कामगार हॉस्पिटलची चिठ्ठी माग.

विमावाला_धंतोली

विम्याचं मी सांगतो, धंदाच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१(४) म्हणते की शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला. ऐकायला झकास. पण साधा मेडिक्लेम मुळात भरती झाल्यावरच्या खर्चाचा. तासभर बोलून घरी आलात तर ती ओपीडी झाली, अन् पॉलिसीत ओपीडीचं कव्हर नसेल तर दमडी निघत नाही. पुढे कधी पॉलिसी घेशील तेव्हा हा त्रास फॉर्मवर लिही. लपवलं तर नंतर दुसऱ्याच आजाराचा क्लेम अडकवतात.

हिंगणा_शिफ्टवाला

काकू, पावतीवर खरंच १४३ आहेत! इतके दिवस पीएफचंच काही समजत होतो. पण मॅडमना फीचं कसं म्हणू? समोर बसलो की तोंड उघडत नाही.

मेसवाली काकू, मानेवाडा

समोर कशाला, सेशनच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. असं लिही: "मॅडम, मला तुमच्याकडेच चालू ठेवायचं आहे. महिन्याला २४०० पर्यंत जमते. पंधरा दिवसांनी आलो तर चालेल का, की फीत काही होऊ शकते?" बस. आकडा तूच सांग, घरच्या अडचणी वगैरे लिहीत बसू नको. माझ्याकडे डब्याचे पैसे कमी करा म्हणून पोरं येतात न, जो आकडा घेऊन येतो त्याच्याशी दोन मिनिटांत ठरते.

अन् मधल्या आठवड्यात रात्री जीव घाबरला तर १४४१६ फिरव. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. दर वेळी तोच माणूस भेटेल असं धरू नको, पण ती रात्र निघते. मरणाचे विचार आले तर मात्र पंधरा दिवस, फी, चिठ्ठी काही पाहू नको, सरळ मेडिकलच्या कॅज्युअल्टीत जा, मामाला घेऊन.

गोकुळपेठी

एक राहिलं. स्वस्त भेटते म्हणून कोणाकडेही जाऊ नको, कौन्सेलरचा बोर्ड कोणीही लावते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंद लागते. नंबर विचार, त्यांच्या साइटवर तपासता येते.

हिंगणा_शिफ्टवाला

मेसेज टाकला. मॅडम म्हणाल्या, पुढचे तीन आठवड्याला या, ९०० द्या, मग पंधरा दिवसांवर नेऊ. ईएसआयसीच्या दवाखान्यात सुट्टीच्या दिवशी जातो. आधार अन् पावती पुरते का, की कंपनीतून अजून काही न्यावं लागते?

विमावाला_धंतोली

ई-पहचान कार्ड, म्हणजे ईएसआयसीचं ओळखपत्र. एचआरला म्हण, प्रिंट काढून देतात.