'अनाथ लेखक' म्हणावे का?

प्रश्न : ज्यांचे बालपण बालगृहात किंवा सरकारने नेमून दिलेल्या दुसऱ्या कुटुंबात गेले, अशा कादंबरीकारांविषयी मी लेख लिहीत आहे. इंग्रजीत यासाठी 'केअर' हा शब्द रूढ आहे. मराठीत 'अनाथ लेखक' म्हटले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. 'अनाथ' म्हणजे ज्याला नाथ, म्हणजे रक्षणकर्ता, नाही तो. व्यवहारात मात्र आपण आईवडील वारलेल्यालाच अनाथ म्हणतो. ब्रिटिश कादंबरीकार लेस्ली थॉमस यांना तो शब्द लागू पडतो, कारण आईवडील दोघेही गेल्यावर ते बर्नार्डो संस्थेच्या बालगृहात वाढले. अ‍ॅलेक्स व्हीटल यांचे तसे नव्हते. लंडनजवळच्या शर्ली ओक्स बालगृहात वाढलेल्या व्हीटल यांच्या 'ब्रिक्स्टन रॉक' (१९९९) या कादंबरीचा सोळा वर्षांचा नायक ब्रेंटन संस्थेत लहानाचा मोठा झालेला आहे, पण त्याची आई जिवंत आहे आणि ती त्याला भेटते. त्याला अनाथ म्हटले, तर आई असूनही तिच्याविना वाढण्याचे जे दुःख त्या कथेच्या मुळाशी आहे, तेच आपण पुसून टाकतो.

ब्रेंटनसाठी 'पोरका' हा शब्द नेमका आहे, कारण 'आईवडील असून पोरका' असे आपण सहज म्हणतो. लेखकाच्या परिचयात मात्र तो नको. त्यात 'पोर' ऐकू येते, आणि पन्नाशी ओलांडलेल्या कादंबरीकाराला आपण नकळत कीव करण्याजोगे मूल ठरवतो.

'केअर'चे शब्दशः भाषांतरही टाळावे. 'काळजीत वाढलेला' म्हणजे मराठीत चिंतेत वाढलेला! 'संगोपन' तर प्रत्येक मुलाचेच होते, आणि 'दत्तक' म्हणजे कायद्याने कुटुंबच बदलणे, म्हणून तोही शब्द येथे बसत नाही. माहिती असेल तेथे 'बालगृहात वाढलेले' किंवा 'प्रतिपालक कुटुंबात वाढलेले' असे सरळ लिहावे; प्रतिपालक कुटुंब म्हणजे सरकारने नेमून दिलेले दुसरे कुटुंब. सर्वांना मिळून 'आईवडिलांविना वाढलेले' म्हणावे, कारण आईवडील हयात आहेत की नाहीत याविषयी ती शब्दरचना काहीच गृहीत धरत नाही.

प्रश्न : मग 'त्याला बालगृहात टाकले' हे वाक्य ठेवू का?

उत्तर : 'टाकले' म्हणताच आईवर ठपका येतो. पात्राच्या तोंडी रागाने आले तर ते जरूर ठेवा. निवेदनात आणि लेखकाच्या परिचयात 'ठेवले' पुरेसे आहे.