गुणगुणून गाणं शोधताना ऐकणाऱ्याच्या आवडीला किती वजन द्यावं?

शुद्धगांधार: भावगीतं आणि अभंगांच्या संग्रहासाठी गुणगुणून शोधायची सोय करतो आहे. १०-१२ सेकंदांच्या आवाजातून पी-यिनने (आवाजातला सूर ओळखणारी पद्धत) स्वररेषा, म्हणजे क्षणोक्षणीच्या सुराचा आलेख, काढतो आणि डीटीडब्ल्यूने (लय कमी-जास्त असली तरी दोन रेषांमधलं अंतर मोजणारी पद्धत) मूळ चालींशी ताडून पाहतो. हवं ते गाणं पहिल्या दहात असतं, पण बरेचदा पाचवं-सहावं. ऐकण्याच्या नोंदी वापरून ते वर आणायचं तर कसं?

मींडप्रेमी: आधी स्वररेषा तपासा, निम्मं दुखणं तिथेच असतं. हर्ट्झचे आकडे थेट जुळवू नका. १२ × लॉग२(वारंवारता ÷ ४४०) करून सेमिटोनमध्ये (सप्तकाचा बारावा भाग) आणा आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) वजा करा, म्हणजे माणूस कुठल्याही पट्टीत गुणगुणला तरी चालतं. मात्र मध्यक अख्ख्या गाण्याचा घेऊ नका. अंतरा वरच्या सप्तकात जातो, मुखडा खाली राहतो. पूर्ण गाण्याचा मध्यक धरला तर दोन्ही सरकतात. मूळ गाण्याचे १० सेकंदांचे तुकडे २-२ सेकंद पुढे सरकवत पाडा आणि प्रत्येकाचा मध्यक वेगळा काढा. स्वररेषेच्या सलग चौकटींत (आवाजाच्या अगदी छोट्या तुकड्यांत) अचानक १२ सेमिटोनची उडी दिसली तर ती बहुधा सप्तकाची चूक असते, दुरुस्त करून घ्या. आणि कृपा करून आकडे जवळच्या सेमिटोनला पूर्णांकात बसवू नका! मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) आणि आंदोलन (सुराचं हळुवार डोलणं) तिथेच मरतात, भावगीताची ओळखच जाते.

तिसरीओळ: आता क्रमाचं. चालीवरून ५० गाणी निवडा आणि आवड फक्त त्या ५० मध्येच लावा: एकूण गुण = लॉग(चालीची शक्यता) + λ × लॉग(आवडीची शक्यता). इथे λ म्हणजे आवडीला दिलेलं वजन. डीटीडब्ल्यूचं अंतर म्हणजे शक्यता नव्हे, आधी सॉफ्टमॅक्समधून (आकड्यांच्या शक्यता करणारं सूत्र) काढा, कमी अंतराला जास्त शक्यता मिळेल असं. λ ०.२ पासून सुरू करून चाचणीवर ठरवा. पहिल्या-दुसऱ्यात चालीनेच मोठा फरक असेल तर λ शून्य.

‘आवड’ म्हणजे किती वेळा वाजवलं, असं मात्र धरू नका. रोज वाजवलेल्या गाण्याचं नाव माणसाला ठाऊक असतं, ते तो शोधत नाही. शोधतो ते कुठेतरी कानावर पडलेलं. म्हणून ऐकण्याच्या नोंदींवरून एएलएसने (कोण काय ऐकतं यावरून साम्य शोधणारी पद्धत) प्रत्येक गाण्याचा सदिश, म्हणजे त्याची जागा सांगणारी आकड्यांची यादी, काढा आणि त्या माणसाच्या गाण्यांच्या *शेजारची* गाणी वर आणा.

शुद्धगांधार: एकाच चालीवर म्हटले जाणारे दोन अभंग असले तर?

तिसरीओळ: तिथे चाल निवाडा करूच शकत नाही, λ खरा तिथेच कामाला येतो. तरी दोन्ही दाखवा आणि ध्रुवपदाची पहिली ओळ सोबत छापा.

मींडप्रेमी: चाचणीत आवडीबाहेरच्या गाण्यांचा वेगळा संच ठेवा. λ वाढवल्यावर एकूण सरासरी सुधारते आणि हा संच गुपचूप खाली जातो. भजन ऐकणाऱ्याने लावणी गुणगुणली, तर लावणीच सापडायला हवी.